तिसऱ्या मनोऱ्यातले ठोके

१

मी शास्त्रज्ञ नाही, मिस्त्री आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचून कुणी शास्त्रज्ञांना नावं ठेवणार नाही. चोवीस वर्षं मी डोंगराच्या पोटातल्या एका दालनात टाक्या सांभाळतोय. गळती बघायची, तारा तपासायच्या, पंखे पुसायचे, बिघडलेले डोळे बदलायचे. डोळे म्हणजे टाकीच्या झाकणावर बसवलेल्या काचेच्या मोठ्या नळ्या. आतल्या तेलात काजव्याइतका उजेड चमकला तरी त्यांना तो दिसतो आणि आमच्या पडद्यावर एक ठोका उमटतो.

सकाळी साडेसातला घरून निघायचं, महामार्गाच्या बोगद्यात शिरायचं, मध्यावर उजवीकडे वळायचं, फाटकावर बेरार्दोकाकांना हात करायचा, की डोक्यावर चौदाशे मीटर दगड घेऊन माझा दिवस सुरू. आत सकाळही नसते आणि संध्याकाळही नसते. ओल्या दगडाचा वास असतो, पंख्यांची घरघर असते आणि छतावरून कुठेतरी पाणी ठिबकत असतं. टाकीवर टाकी रचून तीन मनोरे उभे केलेत, आमच्या गावातल्या चर्चएवढे उंच.

हे सगळं एका ताऱ्याच्या मरणाची बातमी ऐकण्यासाठी. तारा आपल्याच आकाशगंगेतला हवा आणि सूर्याच्या दहा-वीसपट मोठा. असा तारा कसा मरतो ते लिव्हिओ फार छान सांगायचा. लिव्हिओ कोसुलिच मूळचा त्रिएस्तेचा, आमच्यातला खरा शास्त्रज्ञ आणि माझा एकोणीस वर्षांपासूनचा मित्र. तो म्हणायचा, "कडाक्याच्या थंडीतलं घर समज. आधी लाकडं जाळायची, ती लाखो वर्षं पुरतात. मग खुर्च्या. मग दारं-खिडक्या. सामान जितकं जड, तितकं लवकर संपतं. शेवटचं तर एका दिवसात खलास. मग चुलीत उरतं नुसतं लोखंड. लोखंड जाळून कुणाला ऊब मिळालीय का कधी? चूल विझते आणि अख्खं घर आतल्या आत कोसळतं."

हे कोसळणं एका सेकंदाच्या आत होतं. पण वरच्या थराला त्याचा पत्ता नसतो. आतला धक्का वर पोचायला काही तास लागतात, कधी कधी अख्खा दिवस. तोवर बाहेरून बघणाऱ्याला तारा ठणठणीत दिसतो, नेहमीसारखाच तळपत असतो. त्या वेळात बाहेर पडतात ते फक्त न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण. ते ताऱ्यातून, डोंगरातून, माणसांतून आरपार जातात आणि त्यांतले थोडेसे आमच्या तेलात चमकतात. म्हणजे मेला हे आधी आम्हाला कळणार आणि आकाशात ते नंतर दिसणार.

चोवीस वर्षांत असा एकही तारा मेला नाही. गावच्या कॅफेत रोज कुणीतरी विचारायचंच, "काय दोनातो, आला का तुझा पाहुणा?"

आमच्यात एक नियम आहे. एकट्या यंत्राची साक्ष धरायची नाही. थोड्या वेळात खूप ठोके पडून पाळीवर असलेल्याच्या खिशातला फोन वाजला, तर आधी बघायचं की जपानात, कॅनडात, दक्षिण ध्रुवाच्या बर्फात दुसऱ्या कुणाला तेच ऐकू आलंय का. दहा सेकंदांच्या आत तिकडेही ठोके पडले असतील तरच तोंड उघडायचं. नसतील तर नोंदवहीत वेळ आणि ठोक्यांचा आकडा लिहायचा, पुढे "विजेचा दोष" असं लिहायचं आणि उरलेली कॉफी संपवायची. नोंदवही मात्र कोरी ठेवायची नाही, आणि आकडा बदलायचा नाही. आमच्यात ते पापच समजतात.

२

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी बेरार्दोकाका आत आले. त्यांच्या भावाच्या मेंढ्या आहेत. मेंढीच्या दुधाचं ताजं चीज फडक्यात बांधून ते महिन्यातून एकदा आणायचे. गुडघे दुखायचे म्हणून तिसऱ्या मनोऱ्याला टेकवलेल्या स्टुलावर बसले आणि नेहमीप्रमाणे माझी फिरकी घ्यायला लागले.

"मिस्त्री, चोवीस वर्षं हे तेल राखतोयस. त्याजागी दूध भरलं असतंस तर आतापर्यंत चीज तरी झालं असतं."

"आणि ते खायला तुम्हीच पहिले आला असतात."

"मग? फाटक कोण सांभाळतं?"

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. मी केबिनमध्ये जाऊन पडद्यावर पाहिलं. दहा सेकंदांत अकरा ठोके पडले होते. सगळे तिसऱ्या मनोऱ्यात, तेही खालच्या चार टाक्यांत. वेळ अकरा वाजून वीस मिनिटं. मला हसूच आलं. तारा मेला तर ठोके तिन्ही मनोऱ्यांत विखरून पडतील, त्याचं कोपऱ्यातल्या चार टाक्यांशी काही वाकडं नसतं. जपानात, कॅनडात कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. मी "विजेचा दोष" लिहिलं आणि बाहेर आलो. काका तिथेच बसून फडक्याची गाठ सोडत होते.

त्या दिवशी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कॅफेत पत्ते खेळता खेळता काका गेले. मी शेजारच्या टेबलावर होतो. हातातले पत्ते तसेच पंख्यासारखे धरलेले, आणि समोरचा भिडू वैतागून म्हणत होता, "टाका की काका, किती विचार करताय." त्यांचं वय एकोणऐंशी होतं. गावानं रडून घेतलं आणि म्हटलं, असं मरण यायला भाग्य लागतं.

मी दुसऱ्या दिवशी त्या चार टाक्यांच्या तारा काढून पुन्हा बसवल्या. दोष कुठेच सापडला नाही.

३

जानेवारीत झाइराच्या बाबतीत तेच झालं. झाइरा आमच्याकडे फरशी पुसायची. साठीची होती, पण कामाला वाघीण, आणि आमच्या चिखलाच्या बुटांवरून आम्हाला रोज शिव्या देणारी. त्या दिवशी तिसऱ्या मनोऱ्यामागे पुसत होती. एक वाजून पाच मिनिटांनी अकरा ठोके पडले, त्याच मनोऱ्यात, पण मागच्या बाजूच्या टाक्यांत. रात्री नऊला ती स्वयंपाकघरात सिंकपाशी उभी असताना कोसळली.

हे दोन मी जोडले नव्हते, लिव्हिओनं जोडले. अंत्यविधीनंतर दोन दिवसांनी तो माझ्यासमोर नोंदवही उघडून बसला.

"बेरार्दो, सात तास पन्नास मिनिटं. झाइरा, सात तास पंचावन्न."

"म्हातारी माणसं आहेत. थंडी आहे. मरतात."

"अकरा आणि अकरा?"

"डोंगरातून वायू झिरपतो. तूच सांगतोस ना, त्यानं खोटे ठोके पडतात म्हणून."

"पडतात. पण वायूला झाइरा कुठे पुसतेय ते कसं कळतं?" तो हसायचा प्रयत्न करत होता. "एक मीटर, दोनातो. मी हिशेब केला. हे ठोके पाडणारं जे काही आहे, ते मनोऱ्यापासून फार तर एक मीटरवर होतं. दोन्ही वेळा."

मी म्हटलं, हा वेडेपणा आहे. तो म्हणाला, आहेच. पाणी ठिबकत होतं. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच मी ते थेंब मोजले.

"एक शब्द दे," लिव्हिओ म्हणाला. "वेडेपणाच आहे, तर दे, तुझं काय जातंय? माझ्या बाबतीत असं दिसलं तर मला सांगायचं. लगेच. नियम वगैरे बाजूला ठेवून."

कशासाठी, ते मला विचारावं लागलं नाही. त्याची मुलगी ओर्सोला तुरिनला राहते. सहा वर्षांपूर्वी तिची आई आजारी होती. लिव्हिओपासून ती केव्हाच वेगळी झालेली, पण शेवटी शेवटी तिनं त्याला बोलावलं होतं. तो निघणार त्या सकाळी नेमका त्याचा फोन वाजला. साठ ठोके, तिन्ही मनोऱ्यांत. असं कधीच झालं नव्हतं. दुसऱ्या कुणाची साक्ष येईना, पण जपानचं यंत्र दुरुस्तीसाठी बंद होतं, त्यामुळे नाही असंही म्हणता येईना. लिव्हिओ अकरा तास पडद्यासमोर बसून राहिला. शेवटी वीजपुरवठ्याचा एक जळका डबा सापडला. तोही मीच शोधला. तोवर तुरिनमध्ये सगळं संपलं होतं, आणि त्यानंतर ओर्सोला बापाशी एक अक्षर बोलली नव्हती.

"इथून तुरिन साडेसात तास," लिव्हिओ म्हणाला. "मी काढून बघितलंय. थांबलो नाही तर तिच्या दारात पोचतो."

"मग आजच जा की. मरायची वाट कशाला बघतोस?"

"गेलो होतो दोनदा. दार उघडलं नाही." त्यानं नोंदवही मिटली. "पण तेव्हा मी फक्त माफी मागायला गेलो होतो. या वेळी सांगायला काहीतरी असेल."

मी शब्द दिला. खरं तर त्याला गप्प करण्यासाठी दिला. पण दिला.

४

त्यानंतर मी तिसऱ्या मनोऱ्याकडे पाठ करून बसेनासा झालो. स्टूल उचलून पहिल्या मनोऱ्यापाशी नेलं. तिसऱ्या मनोऱ्यापासून दोन मीटरवर जमिनीवर पिवळा पट्टा ओढला आणि पाहुण्यांनी पट्टा ओलांडू नये अशी पाटी लावली. कुणी विचारलं तर विम्यासाठी म्हणून सांगायचो. कुणी तिथे रेंगाळलं की मला काहीतरी काम आठवायचं आणि मी त्याला हाक मारायचो.

एकदा मात्र सगळे जेवायला बाहेर गेले असताना मी स्वतः तिथे जाऊन उभा राहिलो. टाकीला पाठ लावली. पत्रा थंड होता. पंखे घरघरत होते आणि आत काहीच नव्हतं, साधं तेल, पंधरा वर्षांपूर्वी मीच ओतलेलं. मला वाटलं, आपण एका तेलाच्या डब्याला भितोय. हेही वाटलं की फोन वाजला तर मी लोरेताला काय सांगेन. लोरेता माझी बायको, गावच्या शाळेत शिकवते. आमच्या लग्नाला तेहेतीस वर्षं झाली. मूलबाळ नाही. मला दुसरं कुणी नाही, हे त्या पत्र्याला टेकून उभं असताना मला इतकं स्पष्ट कळलं की मी पाच मिनिटांत तिथून निघालो.

फोन वाजला नाही. फेब्रुवारी गेला, मार्च आला. बर्फ वितळलं की डोंगरात पाणी वाढतं तसं वाढलं. दुसऱ्या मनोऱ्यात एक टाकी गळायला लागली म्हणून मी त्याच्याभोवती परांची बांधली. लिव्हिओनं तो विषय पुन्हा काढला नाही. मला वाटायला लागलं, आमचं डोकं थंडीनं बिघडलं होतं.

५

मार्चअखेरीला लोरेता चौथीची एकोणीस मुलं घेऊन आली. दरवर्षी येते. मुलांना समजावायचं काम लिव्हिओचं. मी केबिनमध्ये पाळीवर होतो, काचेतून मला सगळं दिसत होतं.

तो मुलांना तिसऱ्या मनोऱ्याकडे न्यायला लागला तसं मी दार उघडून म्हटलं, "दुसऱ्यापाशी ने ना."

"तिथे तुझी परांची आहे, मिस्त्री. पोरं माकडासारखी चढतील." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणतोय ते त्याला कळलं होतं. मान हलवून हळूच म्हणाला, "दोनच मिनिटं. मुलं पट्ट्याच्या बाहेर राहतील."

त्यानं मुलांची हातात हात धरून लांबलचक साखळी केली. साखळीचं शेवटचं टोक पार दारापाशी. पट्ट्याच्या आत फक्त दोघं. लिव्हिओनं एक तळवा टाकीवर ठेवला, दुसऱ्या हातात लोरेताचा हात घेतला, आणि लोरेतानं पट्ट्याबाहेरच्या पहिल्या मुलीचा हात धरला.

"मी ताऱ्याचं काळीज," तो म्हणाला. "दारापाशी जो दात दाखवतोय तो ताऱ्याची कातडी. आता काळीज कोसळलं की मी तुमच्या बाईंचा हात दाबणार. बाई तुमचा दाबतील, तुम्ही पुढच्याचा. घाई करायची नाही. ज्याचा हात दाबला जाईल त्यानं मटकन खाली बसायचं."

त्यानं हात दाबला आणि स्वतः खाली बसला. लोरेता हसत हसत बसली, गुडघ्यावर हात ठेवून, तिला आता तसं बसवत नाही. मग एकेक मूल बसत गेलं. दारापाशी अजून मस्ती चालली होती, तिथल्या मुलांना काही कळलं नव्हतं.

फोन वाजला. अकरा वाजून दहा मिनिटं. अकरा ठोके, तिसरा मनोरा, खालच्या चार टाक्या.

मी काचेतून बघत होतो. ते दोघं जमिनीवर शेजारी शेजारी बसलेले, हातात हात तसाच.

लिव्हिओ आणि लोरेता. दोघांतलं एक. मी पडद्याकडे पाहिलं, जपान गप्प, कॅनडा गप्प. मी त्या गप्प बसलेल्या यंत्रांना मनातल्या मनात विनवण्या केल्या. एखादा खराच तारा मरू दे म्हटलं. आणि मग, अगदी स्पष्ट शब्दांत, मी म्हटलं: ते लिव्हिओचं असू दे.

६

तो केबिनच्या दारात आला. मुलं पाणी पीत होती. "फोन वाजला ना तुझा?"

"हो."

"काय आहे?"

मी शब्द दिला होता. पण त्याला सांगायचं म्हणजे दोघांचं सांगायचं, आणि मग लोरेताला कळणार. हे एक कारण. दुसरं सांगायला लाज वाटते. ज्याचं मरण मी मिनिटापूर्वी मागितलं होतं त्याच्या तोंडाकडे बघून मला बोलवेना. मी खुर्ची फिरवली आणि म्हणालो, "विजेचा दोष. पहिल्या मनोऱ्यात."

"तुझा चेहरा पांढरा पडलाय."

"नाश्ता केला नाही."

तो क्षणभर उभा राहिला, मग मुलांकडे परत गेला. मी नोंदवही ओढली. मनोरा खोटा सांगितला होता, आता तसंच लिहायचं होतं. पेन हातात घेतलं आणि चोवीस वर्षांच्या सवयीनं हातानं खरं तेच लिहिलं. अकरा दहा, तिसरा मनोरा, अकरा ठोके. पुढे विजेचा दोष. ते खोडायचंही सुचलं नाही, कारण मला एकच घाई होती.

मुलं सोबत आलेल्या दुसऱ्या बाईंबरोबर बसमधून गेली. लोरेताला मी गाडीत बसवलं आणि तडक शहरातल्या इस्पितळाचा रस्ता धरला.

"हे काय चाललंय?"

"तू म्हणाली होतीस ना, छातीत धडधडतं."

"ते शाळेचे तीन मजले चढल्यावर. दोनातो, मी छप्पन वर्षांची आहे, मला धडधडायचा हक्क आहे."

"एकदा दाखवून घेऊ."

"पोरांसमोर खेचून आणलंस मला. उद्या शाळेत सांगतील, बाईंना पोलिसांसारखं धरून नेलं."

डॉक्टर तरुण होते. छातीला तारा लावल्या, कागद बघितला, रक्त काढलं, तीन तास बसवून ठेवलं. शेवटी म्हणाले, "बाईंचं हृदय उत्तम आहे. तुमचंच काढू का एकदा? तुम्ही घामानं निथळताय." लोरेता म्हणाली, "काढा. निदान फेरी फुकट जायला नको." माझंही ठीक निघालं.

मला हे पुरायला हवं होतं. पण तो कागद म्हणजे ताऱ्याची कातडी, असंच माझ्या मनात येत राहिलं. दोनदा लिव्हिओचा नंबर काढला आणि फोन परत खिशात ठेवला. आता उशीर झाला, असं पहिल्यांदा वाटलं तेव्हा फक्त सव्वा वाजला होता. दुसऱ्यांदा तीन वाजले होते.

७

घरी आल्यावर मी लोरेताच्या मागे मागे फिरत राहिलो. ती उद्यासाठी मसूर निवडायला टेबलापाशी बसली, मीही समोर बसलो. ती म्हणाली, "इतकं बघू नकोस, पळून जात नाही." मी तिचा हात धरला. तिनं चकित होऊन एका हातानं मसूर निवडायला सुरुवात केली, हात सोडवला मात्र नाही. तेहेतीस वर्षांत मी तिला जे सांगायला हवं होतं त्यातलं काहीच मला आठवेना. मी म्हटलं, तू खाली बसलीस तेव्हा छान दिसत होतीस. ती म्हणाली, "उठताना बघितलं असतंस म्हणजे कळलं असतं."

सातला दोन मिनिटं कमी असताना फोन वाजला. लिव्हिओचा होता.

"कुठे आहेस?" मी विचारलं.

"मोदेनाच्या पुढे. गाडी कडेला घेतलीय. जरा दम लागलाय." मागून ट्रक जात होते, एकेक आवाज जवळ यायचा आणि लांब जायचा. "पावणेदोनला नोंदवही वाचली. तसाच निघालो."

मी लोरेताचा हात सोडला.

"लोरेता कशी आहे?"

हा प्रश्न मला अजून झोपू देत नाही. "समोर बसलीय," मी म्हटलं. "मसूर निवडतेय."

"धडधाकट?"

"हो."

"मग बरं." त्यानं मोठा श्वास घेतला, तो मधेच अडकला. "दुपारभर मला तीच काळजी. तिच्यासाठी गप्प बसलास, कळलं मला. मी काय केलं असतं कुणास ठाऊक."

"लिव्हिओ, खरंच विजेचा दोष असेल. त्या मनोऱ्याच्या तारा जुन्या—"

"मिस्त्री, तुझ्या तारा चोख असतात. उगाच त्यांना नावं ठेवू नकोस."

मी घड्याळ बघत होतो. सव्वाअकराला निघाला असता तर या क्षणी तो तुरिनच्या रस्त्यांवर गाडी लावायला जागा शोधत असता. आता उरलेला रस्ता अडीच तासांचा होता, आणि मी गिळलेला वेळही तेवढाच.

"ओर्सोला फोन उचलत नाही," तो म्हणाला. "मेसेज टाकलाय. तू लावून बघ, तुझा नंबर उचलेल."

"काय सांगू तिला?"

एक ट्रक गेला. मग दुसरा. कडेला लावलेल्या गाडीचा दिवा लुकलुकताना टिकटिकतो, तेवढा आवाज येत होता.

"लिव्हिओ?"

टिकटिक चालू होती. मी कान दाबून ऐकत राहिलो. त्या आवाजामागे श्वास आहे असं मला काही वेळ वाटलं, मग तो माझाच आहे असं वाटलं. मग कुणीतरी बाहेरून काचेवर टकटक केलं. "साहेब? ओ साहेब, ऐकताय ना?" परका आवाज, दयाळू. दार उघडल्याचा आवाज आला, आणि गाड्यांचा गोंगाट एकदम आत शिरला.

मी फोन ठेवला. लोरेता विचारत होती, कोण होतं, काय झालं, असा का बघतोयस. ती समोर बसली होती, बोटांना मसुराची धूळ, आणि जिवंत होती. मला आनंद झाला. इतका आनंद झाला की मी टेबलावर डोकं ठेवून रडलो, आणि तिला वाटलं मी दुःखानं रडतोय. दुःखही होतंच. पण ते नंतर आलं.

मग मी ओर्सोलाचा नंबर लावला. तिसऱ्या घंटेला तिनं उचलला. मागे भांड्यांचा आवाज होता, कुणीतरी गुणगुणत होतं.

"मी दोनातो. तुझ्या बाबांबरोबर—"

"दोनातोकाका? मिस्त्री? लहानपणी तुम्ही मला काचेचा फुटका डोळा दिला होता. अजून आहे माझ्याकडे." ती भराभर बोलत होती. "बाबांचा मेसेज आला, येतोय म्हणून. दोनदा फोनही आला, मी उचलला नाही. खरं सांगू का काका, भीती वाटली. म्हटलं फोनवर भांडण व्हायचं परत. त्यापेक्षा समोर आल्यावरच बोलू. कुठवर आलेत?"

"मोदेनाच्या पुढे," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

"म्हणजे अजून अडीच तास." तिनं फोन बाजूला धरून आत हाक दिली, "अरे, बाबा मोदेनाच्या पुढे आलेत. पास्त्याचं पाणी आत्ता नको ठेवूस, नऊला ठेव." आतून कुणी काहीतरी म्हणालं आणि ती हसली. तिच्या घरात अजून काहीच झालेलं नव्हतं.

सांगायला मी तोंड उघडलं होतं. या वेळी तरी सांगायचं असं ठरवूनच मी फोन लावला होता.

"काका, एक विचारू?" ती म्हणाली. "त्यांना अजून मीठ कमीच लागतं ना?"

"हो," मी म्हणालो. "कमीच घाल."